अस्तर

आगमनकाळाचा दुसरा आठवडा होता. आमच्या रत्नागिरीच्या लहानशा धर्मग्रामात गेल्या नाताळच्या गीतांचा सराव चालला होता. गायकवृंद म्हणजे अवघी अकरा मुले-मुली, एक कीबोर्ड आणि मी. दोन मुलांना बाजूला घेऊन मी दुसरा आवाज शिकवीत होतो. नववीत शिकणारी एक मुलगी बराच वेळ ते पाहत होती. अखेर तिने विचारले, "सर, हा दुसरा आवाज कशासाठी? समोर बसलेल्या लोकांना तो ऐकूसुद्धा येत नाही."

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. नेमका हाच प्रश्न, याच गावात, साठ वर्षांपूर्वी मी एका माणसाला विचारला होता. तेव्हा मिळालेले उत्तर कळायला मला अर्धे आयुष्य लागले. आणि ते कळले तेही चर्चमध्ये नव्हे, हिंदी चित्रपटांच्या गाण्यांमधून. ती हकीकत एकदा लिहून काढावी, असे त्या दिवसापासून मनात घोळत आहे.

माझे वडील शिंपी होते. गोव्यातल्या बारदेशातून ते तरुणपणी आगबोटीने रत्नागिरीला आले आणि इथलेच होऊन गेले. रामआळीत त्यांचे छोटेसे दुकान होते. लग्नाचे कोट शिवावेत ते त्यांनीच, अशी गावात ख्याती होती. शिवणयंत्राच्या मागच्या भिंतीवर दोन वस्तू असत. एक येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि दुसरी काळ्या पेटीतले व्हायोलिन. गोव्यात त्या काळी चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना संगीत शिकवीत. शिकवणाऱ्याला 'मेस्त' म्हणत. हा मेस्त आधी महिनोन् महिने तोंडाने स्वर घोकून घेई, पाच रेघांची स्वरलिपी वाचायला लावी आणि मगच मुलाच्या हाती व्हायोलिन देई. पप्पा अशा शाळेत घडले होते. रविवारी त्यांच्या पेटीचे झाकण उघडे आणि लॅटिन मिस्साच्या गायनाला त्यांच्या व्हायोलिनची साथ मिळे.

मला मात्र ओढ होती ती रेडिओची. आमच्या शेजारी एक वकील राहत. त्यांच्या माजघरात व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ होता आणि त्यांचा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात होता. सकाळी साडेसातला सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागत. शेवटचे गाणे ठरलेले, सैगलचे. बुधवारी रात्री अमीन सायानींची गीतमाला. शिवाय १९५७ सालापासून विविध भारती होतीच. या गाण्यांवर आम्ही एक खेळ काढला होता. निवेदक चित्रपटाचे आणि संगीतकाराचे नाव सांगू लागला की आम्ही दोघे कानांत बोटे घालायचो. मित्राची थोरली बहीण, आमची ताई, ते ऐकून ठेवायची. गाणे सुरू झाले की तिने खूण करायची, आम्ही बोटे काढायची आणि गाणे संपण्याआधी संगीतकार ओळखायचा. ताई पंच होती आणि तिचा निकाल अखेरचा असे.

वर्षभरात आमचे कान बरेच तयार झाले. टाळ्यांचा आणि टांग्याच्या टापांचा ठेका आला की ओ. पी. नय्यर. गाण्यात लता मंगेशकर असतील तर नय्यर नक्कीच नाहीत, कारण त्यांनी लताबाईंकडून कधी गाऊन घेतले नाही. व्हायोलिनांचा मोठा ताफा लाटेसारखा उसळून आला की शंकर-जयकिशन. शहनाईच्या अंगाने जाणारी, रागाची शिस्त पाळणारी चाल आली की वसंत देसाई. ते तर आमच्या कुडाळच्या बाजूचे, म्हणून त्यांचे नाव ओळखताना अंमळ जास्तच अभिमान वाटे.

पण काही गाणी आम्हांला फसवत. 'परवरिश' (१९५८) मधले मुकेशचे गाणे मी छातीठोकपणे शंकर-जयकिशनचे म्हणून सांगितले. ताई म्हणाली, दत्ताराम. 'शिकारी' (१९६३) मधले गाणे नय्यर यांचे म्हणून पैज लावली, निघाले जी. एस. कोहली. 'पारसमणी' (१९६३) ऐकून आम्ही दोघेही एका सुरात 'शंकर-जयकिशन' ओरडलो, तर ताईने लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशी कधी न ऐकलेली दोन नावे सांगितली. 'धूल का फूल' (१९५९) ऐकताना सचिनदेव बर्मन आठवत. संगीत होते एन. दत्ता यांचे.

हरलेल्या मुलाला कारण लागते. आम्ही ते शोधून काढले: चोरी. मी एक वही केली. तिच्या पानावर मधोमध रेघ मारून डाव्या बाजूला लिहिले 'मूळ', उजव्या बाजूला 'नक्कल'. दत्ताराम, कोहली, एन. दत्ता, सगळे उजव्या रकान्यात गेले. चौदा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश व्हायला फारसा वेळ लागत नाही.

१९६५ साल असावे. वकिलांच्या थोरल्या मुलाचे लग्न ठरले होते आणि कोट अंगाला बसतो का ते पाहायला पप्पा त्यांच्या घरी आले होते. कच्च्या टाक्यांचा कोट नवरदेवाच्या अंगावर चढवून, तोंडात टाचण्या धरून ते खांद्यावर खडूच्या खुणा करीत होते. रेडिओवर आधी नय्यर यांचे एक गाणे झाले, मागोमाग शंकर-जयकिशन यांचे. आम्ही दोन्ही ओळखली आणि कोण श्रेष्ठ यावर भांडू लागलो. पप्पांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि शांतपणे म्हणाले, "या दोन्ही गाण्यांतली व्हायोलिने एकाच माणसाने लिहिली आहेत."

आम्ही हसलो. ताईसुद्धा हसली. नय्यर आणि शंकर-जयकिशन म्हणजे दोन टोके! मी म्हणालो, "पप्पा, संगीत संगीतकार देतो. नाव सांगितले की आत्ता."

"कापड वकीलसाहेबांनी आणले. पसंतीही त्यांची. पण कोट शिवला कोणी?" पप्पा म्हणाले. मग त्यांनी मला एक गोष्ट करायला सांगितली. "पुता, गाणारा गातो तेव्हा नको ऐकूस. तो श्वास घ्यायला थांबतो ना, तेव्हा कोण बोलतो ते ऐक. आणि तो गात असताना त्याच्या मागून कोण चालतो तेही ऐक. हे ज्याने लिहिले तो मी जिथे शिकलो तशाच शाळेत शिकलेला आहे." एवढे बोलून त्यांची नजर माझ्या वहीवर गेली. त्यांनी उजवा रकाना वाचला. "यांना चोर कशाला म्हणतोस? एका थानाचे अस्तर दहा कोटांना लागते."

मला ते शिंप्याचे बोलणे वाटले. मित्रासमोर थोडी लाजही वाटली.

त्याच सुमारास त्यांना मी गायकवृंदात दुसरा आवाज गायला हवा होतो. माझा आवाज अजून फुटला नव्हता आणि त्या जागेला तसाच आवाज लागतो. मला पहिला आवाज हवा होता. ज्याचे सूर लोक घरी गुणगुणत नेतात तो. तेव्हा मी त्यांना तो प्रश्न विचारला: "दुसरा आवाज कुणाला ऐकू येतो? मग गायचा कशासाठी?" पप्पांनी हातातला कोट उलटा केला आणि आतले अस्तर दाखवले. "हे उसवून काढतो. मग घालून बघ, खांद्यावर कसा लोंबतो ते." मी बघितले नाही. सरावाला जाणेच सोडले.

पुढे दोन वर्षांत काळ बदलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेतील उपासनेला वाट करून दिली आणि आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा सुरू झाली. किती आनंद झाला होता! आपल्या भाषेत आपण देवाशी बोलतो आहोत, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांनाच तो कळेल. पेटी आली, तबला आला, नवी मराठी गीते आली. माझा आवाज आता फुटून स्थिर झाला होता. नव्या गायनाचे पुढारपण माझ्याकडे आले.

पहिल्या एक-दोन रविवारी पप्पा व्हायोलिन घेऊन आले आणि एका कडेला बसून हलक्या हाताने साथ करू लागले. आमच्या चालीच्या खाली ते काही वेगळेच वाजवीत होते. माझे लक्ष विचलित होई. सरावाच्या वेळी सर्वांसमोर मी म्हणालो, "पप्पा, आता हे नको. ही मराठी गीते आहेत. यांना तुमचे लॅटिन अस्तर कशाला?"

त्यांचाच शब्द मी त्यांच्यावर उलटवला होता. मुले हसली. पप्पाही थोडे हसले. त्यांनी गजाचा स्क्रू फिरवून केस सैल केले, व्हायोलिन पेटीत ठेवले आणि कड्या लावल्या. पुढच्या रविवारपासून ते भाविकांमध्ये, मागच्या बाकावर बसू लागले. पेटी पुन्हा चर्चमध्ये आली नाही. ते रागावले असते तर बरे झाले असते.

नंतर त्यांनी दुकानासाठी एक ट्रान्झिस्टर घेतला. गाणी लागलेली असत, यंत्र चालू असे. मधूनच यंत्राचा आवाज थांबे. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा दमला. दोन कडव्यांमधले व्हायोलिन संपले की पाय पुन्हा पायट्यावर पडे आणि यंत्र सुरू होई. मी हे अनेकदा पाहिले होते आणि तरी पाहिले नव्हते. त्यांच्या मेस्ताने शिकवलेली विद्या आमच्या चर्चमध्ये राहिली नव्हती. ती त्यांना आता फक्त चित्रपटांच्या गाण्यांत भेटत होती.

१९७७ साली रत्नागिरीत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी 'अमर अकबर अँथनी' आला. अँथनी गोन्साल्विस हे नाव घेऊन नाचणाऱ्या नायकाची नक्कल आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक पोराने केली. पप्पाही त्या नकलांना हसले. त्या नावामागे कोण आहे हे तेव्हा ना मला ठाऊक होते, ना त्यांना. १९८१ च्या पावसाळ्यात पप्पा गेले.

पाच वर्षांनी, १९८६ मध्ये, एका आप्तांकडे व्हिडिओवर राज कपूरचा जुना चित्रपट पाहत होतो. श्रेयनामावली सरकत होती. 'संगीत: शंकर-जयकिशन', आणि त्याखाली बारीक अक्षरांत सहाय्यकांची दोन नावे: दत्ताराम, सेबास्टियन. मी ती फीत मागे घेऊन पुन्हा पाहिली. माझ्या वहीतला 'नक्कल' रकान्याचा पहिला आरोपी मूळ गाण्यांच्या घरातच बसला होता! आणि त्याच्या शेजारी एक ख्रिस्ती नाव होते.

मग मी शोधत गेलो. मुंबईतला माझा तोच मित्र जुन्या ध्वनिमुद्रिका जमवीत असे. त्याच्याकडून, मासिकांतून, पुढे ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने स्टुडिओंतील वादकांवर लिहिलेल्या २००८ सालच्या इंग्रजी ग्रंथातून आणि अशोक राणे यांच्या माहितीपटातून हळूहळू चित्र स्पष्ट होत गेले. दत्ताराम वाडकर हे गोवा-सावंतवाडीच्या मातीतले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत ढोलकी-ढोलकाचा ठेका ते सांभाळत. त्यांचा एक ठेका तर 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो. स्वतंत्रपणे 'परवरिश' केला तेव्हा तो ठेका त्यांनी कुठे ठेवायचा होता? कोहली हे नय्यर यांचे सहाय्यक. दत्ता नाईक म्हणजेच एन. दत्ता, तेही गोव्याचे, सचिनदेव बर्मन यांच्या हाताखाली तयार झालेले. 'हम दोनो' (१९६१) चे जयदेवही त्याच घरातून बाहेर पडले. लक्ष्मीकांत मेंडोलिन आणि प्यारेलाल व्हायोलिन वाजवीत कितीतरी संगीतकारांच्या वाद्यवृंदांत बसले होते. 'दोस्ती' (१९६४) मध्ये त्यांच्यासाठी माउथ ऑर्गन वाजवला तो राहुलदेव बर्मन यांनी. ज्यांना आम्ही वेगवेगळे किल्ले समजत होतो ती खरे तर एकाच वाडीतली घरे होती. मधे दारे होती आणि माणसे ये-जा करीत होती.

पण पप्पांनी ओळखलेले साम्य याहून खोल होते. ते समजण्यासाठी गाणे कसे तयार होई हे पाहावे लागते. संगीतकार पेटीवर बसून चाल बांधी. चाल गायकाच्या गळ्यात उतरे. पण ध्वनिमुद्रणाला बसणारे पन्नास-साठ वादक काय वाजवणार? सुरुवातीचे संगीत, दोन कडव्यांमधले तुकडे, गायकाच्या मागून वाहणारा दुसरा सूर, ज्याला स्टुडिओत 'ऑब्लिगाटो' म्हणत, हे सारे कागदावर उतरवून प्रत्येक वाद्यासाठी वेगळे पान तयार करणारा एक माणूस असे. तो संयोजक, म्हणजे अरेंजर. सतार, सारंगी, बासरी वाजवणारे गुणी वादक ऐकून वाजवीत. पण व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेटचे ताफे एका वेळी, एका श्वासात वाजायचे तर पान वाचता येणारी माणसे हवीत. ती माणसे मोठ्या संख्येने आली गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून. जे पप्पा बारदेशात शिकले तेच शिकून कितीतरी तरुण मुंबईच्या आगबोटीत बसले. पप्पा रत्नागिरीला उतरले, इतकाच फरक.

त्यांतले एक सेबास्टियन डिसोझा. फाळणीपूर्वी ते लाहोरात नृत्यसंगीताचा वाद्यवृंद चालवीत. फाळणीनंतर मुंबईला आले आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी संयोजन करू लागले. पुढे शंकर-जयकिशन यांच्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ. ज्या दोन संगीतकारांवरून आम्ही मुले भांडत होतो त्या दोघांच्या व्हायोलिनांची पाने एकच हात लिहीत होता! कोटाच्या खांद्यावर खडूची खूण करता करता, एकही नाव ठाऊक नसताना, माझ्या वडिलांनी ते नुसत्या कानाने ओळखले होते.

दुसरे अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७, सासष्टीतल्या माजोर्डा गावी; वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षी ते मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. वाजवीत, संयोजन करीत आणि शिकवीतही. त्यांच्या शिष्यांपैकी एक होते प्यारेलाल. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात शंभराहून अधिक वादकांचा वृंद उभा करून, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सोबत घेऊन त्यांनी भारतीय रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. १९६५ मध्ये ते शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. परतल्यावर गोव्यात शांतपणे राहिले आणि २०१२ साली वारले. 'अमर अकबर अँथनी'तील नाव म्हणजे प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेली आदरांजली होती. साऱ्या देशाने ते नाव ओठांवर खेळवले. ते एका खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

अशी आणखीही नावे आहेत. हळदोण्याचे अंतोनिओ शाव्हियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवीत. 'अलबेला' (१९५१) च्या सी. रामचंद्र यांच्या संगीतामागे त्यांचा हात होता, आणि ते आपल्या साथीदारांसह त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. फ्रँक फर्नांड यांनी हिंदीतील अनेक संगीतकारांसाठी संयोजन केले आणि 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

ही माहिती हाती आल्यावर एक नवा मोह झाला, तो कबूल करतो. माझी जुनी वही पुन्हा काढून रकाने उलटे करावेत असे वाटले: खरे संगीतकार ही आमची माणसे, बाकीचे नुसते नावाचे धनी! पण तोही अन्यायच झाला असता. सेबास्टियन यांनीच पाने लिहिली तरी नय्यर यांचे गाणे नय्यर यांचेच वाटते आणि शंकर-जयकिशन यांचे त्यांचेच. एकाला गाण्यात मोकळी जागा आणि ठेक्याचा ठसका हवा असे, दुसऱ्यांना सुरांचा पूर हवा असे. काय हवे ते संगीतकाराला माहीत होते. ते कसे उभे करावे हे संयोजकाला. शिवाय ज्या दत्तारामांना मी चोर ठरवले होते, त्यांचे काय? कापड, शिलाई, अस्तर ही तिन्ही हातांची कामे असतात. साम्य शोधण्यात चूक नव्हती. साम्य दिसताच चोर शोधण्यात चूक होती. सारखेपणा दिसला की आधी दोघांचे शाळामास्तर कोण होते हे विचारावे, एवढे शहाणपण त्या शोधातून मला आले.

श्रेयनामावली पाहिली त्याच वर्षी मी पप्पांची ट्रंक उघडली. वर लॅटिन गीतांची जुनी पाने होती, कडांना वाळवी लागलेली. त्यांच्या खाली एक जाड वही, पाने हाताने पाच-पाच रेघा मारून तयार केलेली. स्वरांची चिन्हे पेन्सिलीची होती आणि खाली रोमन लिपीत शब्द. मला स्वरलिपी वाचता येत नव्हती. ज्या घरात ती रोज लिहिली जात होती त्या घरात मी वाढलो आणि तिचे एक अक्षर शिकलो नाही. वही लॅटिन गीतांचीच असणार असे समजून मी ती बाजूला ठेवणार होतो. त्या वेळी धर्मग्रामात आलेल्या एका तरुण फादरांना सेमिनरीत संगीताचे शिक्षण मिळाले होते. सहज म्हणून ती त्यांना दाखवली.

त्यांनी पहिली ओळ मनातल्या मनात वाचली, कपाळाला आठी घातली आणि मला विचारले, "हे तर मराठी आहे. हे तुमचेच गीत ना, अर्पणविधीचे?"

ते मराठीच होते. पप्पांना देवनागरी लिहिण्याचा सराव नव्हता; गोव्याच्या जुन्या पिढीप्रमाणे ते रोमन लिपीत लिहीत. पहिल्या पानावर तारीख होती: डिसेंबर १९६७. म्हणजे मी त्यांना बोललो त्यानंतरच्या काही आठवड्यांतली. त्या वहीत बत्तीस मराठी गीते होती, आमच्या गायकवृंदात जसजशी आली त्याच क्रमाने. शेवटचे १९८० च्या नाताळचे. मागच्या बाकावर बसून त्यांनी प्रत्येक नवे गीत कानांत साठवले होते, दुकानात येऊन लिहून काढले होते आणि प्रत्येकाला दुसरा आवाज घातला होता. कुणी मागितला नव्हता. कुणाला दिलाही नाही. तेरा वर्षे.

फादरांनी पेटीवर एका हाताने माझी चाल वाजवली आणि दुसऱ्या हाताने वहीतली ओळ. मी माझे ते गीत शेकडो वेळा गायलो होतो. पण त्या दिवशी ते प्रथमच खांद्यावर नीट बसले. मला तिथे थांबवेना. बाहेर येऊन मांडवीच्या धक्क्यापर्यंत चालत गेलो. याच धक्क्यावर एके काळी एक तरुण शिंपी काळी पेटी काखेत धरून उतरला होता. तो आणखी पुढे, मुंबईपर्यंत गेला असता तर कुठल्या तरी वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसला असता. नाव तिथेही कुणी विचारले नसते. पण निदान त्याचा सूर कुणीतरी वाजवला असता. रत्नागिरीत त्याचा सूर अडला तो त्याच्या मुलापाशी.

पस्तिसाव्या वर्षी मी त्या फादरांकडे स्वरलिपीचे धडे घेऊ लागलो. बोटे राठ झाली होती, व्हायोलिन काही जमले नाही. पण वाचता येऊ लागले. वही आता मला पूर्ण वाचता येते. काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिले आहे. सत्ताविसाव्या गीतात एक जागा तीन वेळा बदलली आहे. जे कधी वाजणार नाही अशी खात्री होती, तेही त्यांनी तीनदा उसवून पुन्हा शिवले होते.

म्हणून त्या नववीतल्या मुलीला मी लगेच उत्तर दिले नाही. म्हटले, "तू पहिला आवाज गा. ही दोघे मुले दुसरा गातील. मी हात वर केला की ती थांबतील. तू थांबू नकोस." कीबोर्ड बंद ठेवला. तीन आवाज सुरू झाले. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर मी हात वर केला. मुले गप्प झाली. ती गात राहिली, पण तिने चमकून बाजूला पाहिले.

"काय झाले?" मी विचारले.

"काही नाही, सर. एकदम एकटे वाटले."

मी म्हणालो, "मग कळले."

ती हसली. "पण सर, मी पहिलाच आवाज गाणार हं!" मीही हसलो. पहिला आवाज गाण्यात कसला गुन्हा आहे? तोही कुणीतरी गायलाच हवा.

नाताळच्या रात्री पप्पांच्या वहीतील अर्पणविधीचे गीत आम्ही गायलो. दोन मुलांनी दुसरा आवाज धरला. दोन कडवी चांगली गेली. तिसऱ्यात धाकट्याचा सूर सुटला आणि तो नकळत पहिल्या आवाजाला जाऊन मिळाला. मोठ्याने एकट्याने तो शेवटपर्यंत निभावला. मिस्सा संपल्यावर लोकांनी त्या मुलीचे कौतुक केले. दुसऱ्या आवाजाबद्दल कुणी काही बोलले नाही. मोठा मुलगा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "सर, मी चुकलो नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "मी ऐकत होतो."